मतचाचणी वाचताना

प्रश्न : एका वाहिनीची मतचाचणी एका पक्षाला दोन टक्के पुढे दाखवते, दुसरीची त्याच्या विरोधकाला. दोघांकडेही आलेख, तज्ज्ञ. खरं कुणाचं मानायचं?

उत्तर : तुमचा गोंधळ रास्त आहे. मी बातम्यांच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. चाचणीचा कागद हाती आला की मी आधी निकालाचा रकाना हातानं झाकायचे आणि शोधायचे, विचारलं कुणाला?

१९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यांवरून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार असं छापलं गेलं. जिंकले त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रुझवेल्ट, तेव्हाच्या ४८ पैकी ४६ राज्यांत! नावं बरीचशी टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधली होती. मंदीच्या त्या काळात ही मंडळी खाऊनपिऊन सुखी. शिवाय उत्तर धाडण्याची तसदी रुझवेल्टवर नाराज असलेल्यांनीच जास्त घेतली. त्याच निवडणुकीत मतचाचणी घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारलं, पण समाजाचे सगळे थर धरून; त्यांचा विजेता बरोबर आला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण मोठ्या आकड्यानं आपण अजूनही दबून जातो.

नीट निवडलेल्या हजार जणांच्या चाचणीतही तीनेक टक्के इकडे-तिकडे होतातच. म्हणजे तुमच्या दोन्ही वाहिन्या कदाचित एकच सांगताहेत : लढत चुरशीची आहे. चाचणी कधी घेतली, खर्च कुणी केला, हे छापलेलं नसेल तर मी ती बातमी पुढे वाचतच नाही.