अमूर्त चित्रातून भूमिती: रंगपेटी शेवटी उघडा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यातली मराठी शाळा, चौथीचा वर्ग, ४५ मुले, ३५ मिनिटांचा तास. डच चित्रकार मोंद्रियानचे उभ्या-आडव्या काळ्या रेषांचे आणि रंगीत आयतांचे चित्र दाखवून तसे काढायला सांगितले, चित्रे देखणी झाली, पण दुसऱ्या दिवशी परिमिती विचारली तर वर्ग गप्प. यात मुलांची चूक नाही. ‘असे चित्र काढा’ म्हटले की मूल बघून उतरवते, मोजत नाही. सूचना भूमितीच्या शब्दांत द्या आणि रंगपेटी शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत दप्तरातच राहू द्या.

पहिल्या तासाला १ सेमी चौकटींचा कागद घ्या. अप्पा बळवंत चौकातून वह्या आणणार असाल तर चौकट आधी पट्टीने मोजा, गणिताच्या वहीतली चौकट बरेचदा लहान असते. कागदावर १६ सेमी बाजूचा चौरस. त्यात ४ उभ्या आणि ३ आडव्या रेषा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. रेषा चौकटीच्या रेषेवरच हवी, शेजारच्या दोन रेषांत किमान २ सेमी अंतर हवे आणि सगळी अंतरे सारखी नकोत. काढण्याआधी विचारा, आयत किती होतील? बरीच मुले १२ म्हणतात, कारण ती ४ × ३ करतात. होतात २०: चार रेषांनी पाच पट्टे पडतात आणि तीन रेषांनी चार.

आता खरी अट: लाल रंग बरोबर २४ चौसेमी भरायचा, एका आयतात किंवा दोन-तीन आयतांत मिळून. काहींना जमणार नाही. त्यांना एक रेषा एक घर सरकवायला सांगा. एका बाजूचे आयत वाढतात, तेवढेच दुसऱ्या बाजूचे घटतात, हे तिथे हाताला कळते. मग ३ × ४ आणि २ × ६ असे आयत वर्गातल्या चित्रांतून शोधायला लावा. दोन्ही १२ चौसेमी, पण परिमिती १४ आणि १६ सेमी. काळा मार्कर शेवटी. तो आधी फिरवला तर जाड रेषेखाली चौकटी झाकतात आणि मोजणी चुकते, म्हणून प्रत्येक आयतात क्षेत्रफळ आधी पेन्सिलने लिहून घ्या.

दुसरा तास माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, आणि साहित्य सर्वांत कमी. मोंद्रियानने १९१८ पासून काही चौरस चित्रे कोपऱ्यावर उभी केली, त्यांतल्या बहुतेकांत आतल्या रेषा मात्र उभ्या-आडव्याच ठेवल्या. घोटीव कागदाचा १० सेमी चौरस फळ्यावर तसाच तिरका चिकटवा आणि नाव विचारा. ‘शंकरपाळी’ हे उत्तर येणारच. लगेच दुरुस्त करू नका. एकाला गुण्या देऊन चारही कोन तपासू द्या, दुसऱ्याला बाजू मोजू द्या, मग कागद सरळ करा. पियरे आणि डिना व्हॅन हील या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये हेच मांडले: मूल आधी आकृती एकूण रूपावरून ओळखते, गुणधर्मांवरून ओळखणे नंतर येते. पुस्तकातला त्रिकोण नेहमी पायावर बसलेला असला की डोक्यावर उभा त्रिकोण मुलांना ‘उलटा’ वाटतो. इथे चित्रकार सय्यद हैदर रझा यांची चित्रे दाखवा. त्यांच्यात टोक वर आणि टोक खाली असे दोन्ही त्रिकोण शेजारी-शेजारी सापडतात. रझांच्या चित्रांत वारंवार येणाऱ्या बिंदूचे मूळही प्राथमिक शाळेतच आहे. लहानपणी त्यांचे लक्ष भटकते म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहायला सांगितले होते.

वर्तुळासाठी रशियन चित्रकार कँडिन्स्कीचे १९१३ चे समकेंद्री (एकाच केंद्राभोवतीच्या) वर्तुळांचे चित्र घ्या: चार उभ्या रांगा, तीन आडव्या, १२ चौकोन. ए-फोर कागद २९.७ × २१ सेमी असतो. लांबीतून १.७ सेमी पट्टी कापली की ७ सेमीचे १२ चौरस बरोबर बसतात. कर्ण हलके काढा, छेदले तो केंद्रबिंदू. त्रिज्या १, २ आणि ३ सेमी. कंपास चौथीच्या हातात घसरतो, भोक मोठे होते आणि वर्तुळ मिटत नाही. त्यापेक्षा पुठ्ठ्याची ६ सेमी पट्टी घ्या, दर सेंटीमीटरला भोक पाडा, एका भोकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिलीचे टोक. खाली जुनी वही ठेवा. दोन भोकांतले अंतर म्हणजे त्रिज्या, हे डोळ्यांसमोर राहते. तरी काही मुले ३ सेमीला व्यास समजतील, त्यांच्याकडून आरपार मोजून घ्या. कँडिन्स्कीची वर्तुळे हाताने काढलेली आहेत, त्यामुळे ‘हे वर्तुळ आहे का, कसे ठरवाल?’ असा प्रश्न तुम्हाला आयताच मिळतो.

पावसाळ्यात चिकटकामासाठी पातळ गोंद टाळा. दमट हवेत तो वाळत नाही आणि घोटीव कागद सुरकुततो. गोंदाची कांडी बरी.

गुण सुबकपणाला देऊ नका. परीक्षा अशी घ्या: दोन मुले पाठीला पाठ लावून बसतील, एकाकडे ५-६ रेषांचे चित्र, दुसऱ्याकडे कोरा चौकटीचा कागद. पहिल्याने फक्त बोलायचे. ‘मोठा’, ‘तिरका’, ‘जरा बाजूला’ हे शब्द बाद. ‘डाव्या कडेपासून ४ सेमीवर, डाव्या कडेला समांतर रेषा’ चालेल. कागदाची वरची कड आधी खूण करून ठरवा, नाहीतर डावे-उजवे उलटते. शेवटी दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा आणि जिथे रेषा जुळली नाही, तिथले वाक्य दोघांना पुन्हा तयार करू द्या.