पिकअपच्या हाउसिंगमधलं ऑइल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मोहोळ): फोर-व्हील पिकअपच्या मागच्या डिफरन्शिअलचं, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या हाउसिंगमधलं, ऑइल घरीच बदलायचंय. क्रम सांगा.

आधी वरचा, म्हणजे भरायचा नट सोडवा. तो निघाला तरच खालच्याला पाना लावा. वरचा नट वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो. ऑइल खालून सोडून दिलं आणि वरचा गोल झाला, तर गाडी जागेवरच अडकते. घट्ट असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा.

काढण्याआधी गाडी ८–१० किलोमीटर फिरवून आणा. गरम ऑइल तळातला गाळ घेऊन उतरतं. गाडी सपाट जागी हवी, नुसती मागून जॅकवर चढवली तर पातळी चुकते. नटांभोवतीची माती वायर ब्रशने झाडा. खालच्या नटाला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावरचा राखाडी लेप ही नेहमीची झीज, पुसून टाका. कपच्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर मात्र नवं ऑइल ओतून गाडी दामटू नका, हाउसिंग उघडावंच लागेल.

वॉशर नवे घाला, खालचा नट कसा आणि हातपंपाने भरा. वरच्या भोकाच्या खालच्या कडेला ऑइल टेकलं की थांबा, जादा गळून जाऊ द्या. बऱ्याच पिकअपना मागे दोन ते तीन लिटर लागतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा हिशेब इथे चालत नाही. जादा ऑइल फेसाळतं आणि सील ओलांडून ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचतं.

प्रश्न (सोलापूर): आपल्याकडच्या उन्हाळ्यात ८०डब्ल्यू-९० ऐवजी ८५डब्ल्यू-१४० टाकू का?

पुस्तिकेत परवानगी असेल आणि गाडी रोज भरल्या वजनाने पळत असेल, तरच. शेवटचा आकडा जाडपणा सांगतो, १४० जाड असतं. रिकाम्या फिरणाऱ्या गाडीत ते फक्त डिझेल खातं. ग्रेडपेक्षा डब्यावर जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का, ते आधी बघा. क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शिअलमधल्या मुख्य गिअरजोडीचे, दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना तेच लागतं. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा डिफरन्शिअल) असेल तर त्यासाठीचंच ऑइल घ्या, नाहीतर वळताना मागून खडखड येते.

प्रश्न (मंगळवेढा): ऑइल चहासारखं दुधट निघालं. सील गेलं का?

असेलही, पण पहिला संशय ब्रीदरवर, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोटीवर, घ्या. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर काळ्या मातीने बुजलेला असेल, तर ती ओढ सीलच्या कडेने पाणी आत घेते. उलट हाउसिंग तापताना दाब कोंडला की सील गळू लागतं. नवं सील बसवूनही तेच होतं, आणि दोष गॅरेजवाल्याला मिळतो.

ब्रीदर काढून साफ करा, फुंकून बघा. पाण्यातून नेहमी जाणं असेल तर त्याला नळी जोडून ती इंजिनाच्या खोलीत उंच बांधा. दुधट ऑइल लगेच सोडा, नवं भरून थोडी गाडी चालवा आणि पुन्हा एकदा बदला. एका खेपेत सगळं पाणी निघत नाही.

प्रश्न (अक्कलकोट): फोर-व्हील क्वचितच लावतो. पुढचंही बदलायचं का?

हो. पुढच्या चाकांचे हब (चाक आसाला जोडणारा भाग) सुटत नसतील तर टू-व्हील ड्राइव्हमध्येही पुढचे गिअर फिरतच असतात. शिवाय पाणी मागच्याइतकंच पुढेही शिरतं.

प्रश्न (बार्शी): उरलेलं जीएल-५ गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या खोक्यात) चालेल?

पुस्तिकेत तेच लिहिलं असेल तरच. ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलंय, त्याच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) जीएल-५ मधली गंधकाची रसायनं खाऊ शकतात. काही ट्रान्सफर केसना तर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, लागतं.