एस स्केल टिकेल का?

प्रश्न : अमेरिकेतल्या मोठ्या भावाने अमेरिकन फ्लायर या जुन्या ब्रँडची, एस स्केलची (मापाची) मॉडेल रेल्वेगाडी दिली आहे. एस स्केलला भवितव्य आहे, की एचओ या त्याहून लहान, जास्त प्रचलित मापाकडे वळू?

उत्तर : एस, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:६४ माप, टिकेल, पण तयार मालावर नव्हे, हाताने बांधणाऱ्यांच्या जोरावर. दुकानातून सगळं आयतं हवं असेल तर एचओच बरं.

ठेवायचं ठरलं तर आधी चाकं पाहा. गिल्बर्टच्या, म्हणजे अमेरिकन फ्लायर बनवणाऱ्या कंपनीच्या, जुन्या डब्यांच्या चाकांची कड खोल असते. कोड १०० च्या, म्हणजे २.५४ मिमी उंच रुळावर ती रूळ धरून ठेवणाऱ्या आतल्या खिळ्यांवर आपटते. रुळांमधलं अंतर जुन्या आणि कोड १०० च्या, दोन्ही रुळांत सुमारे २२.४ मिमीच, म्हणून फसगत होते. त्याहून उंच, कोड १४८ चा रूळ घ्या किंवा चाकं बदला. बदललेल्या जोडीच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर मापपट्टीने (गेजने) तपासा. ते कमी पडलं तर सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, चाक रुळावर चढतं.

वीज त्याहून महत्त्वाची. जुनी इंजिनं एसीची असली तरी बहुतेक डीसीवरही धावतात. उलट मात्र करू नका : नव्या डीसी इंजिनाला एसी दिलात तर ते जागच्या जागी गुणगुणतं आणि मोटर जळते. म्हणून दोन्ही पिढ्यांना एकच डीसी कंट्रोलर ठेवा. जुन्या इंजिनाची दिशा मात्र ध्रुव बदलून नव्हे, वीज क्षणभर तोडूनच बदलेल.