शहरातील जुन्या इमारती, मोकळ्या जागा आणि जुने रस्ते जतन करायचे असतील, तर सुरुवात कशापासून करावी?

वारसा इमारतींच्या यादीपासून, असे बहुतेक जण आपल्याला सांगतील. माझ्या मते सुरुवात इमारतीसमोरच्या रस्त्याच्या पातळीपासून करावी.

मी एका जुन्या वाचनालयाच्या दुरुस्ती समितीवर होतो. दगडी जोते, विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा आणि मागे मोकळे मैदान अशी ती वास्तू होती. भिंतींना ओल येऊ लागली, तेव्हा समितीतील अभियंत्यांनी पहिल्याच बैठकीत निकाल देऊन टाकला की चुना मेला आहे, सिमेंटचा गिलावा करा. वास्तविक समोरच्या रस्त्यावर जुना थर न खरवडता दर वेळी नवे डांबर चढवले गेले होते, त्यामुळे जोते जवळजवळ गाडले गेले होते. आणि मागचे मैदान वाहनतळासाठी फरसबंद केल्याने तेथे मुरणारे पावसाचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी येऊन थांबत होते. हे मी बैठकीत मांडले, तर रस्ता हा आपल्या समितीचा विषय नाही, असे उत्तर मिळाले. सिमेंट लागले. चुन्यातून ओल बाहेर पडून वाळते, सिमेंट ती आत कोंडते. त्यामुळे ओल आणखी वर चढली, क्षार गिलाव्यामागे साचले आणि काही पावसाळ्यांनंतर गिलावा विटांचे पापुद्रे घेऊनच खाली आला. ते अभियंते आजही विटांना दोष देतात.

रस्ता, जमीन आणि वास्तू हे तीन वेगळे विषय नव्हेत. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेतही वास्तू तिच्या परिसरापासून वेगळी काढता येत नाही, असेच तत्त्व आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील एल्बे नदीचे खोरे 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत आले आणि 2009 मध्ये वगळले गेले, तेही एखादा राजवाडा पाडल्यामुळे नव्हे, तर खोऱ्यातून चौपदरी पूल नेल्यामुळे. दर्शनी भाग रंगवून कोनशिला बसवणाऱ्या समित्यांना हे कोणी तरी वाचून दाखवायला हवे.

आपण प्रथम जुने भूमापन नकाशे मिळवावेत, उंबरठे आणि जोती रस्त्यापासून किती उंच आहेत ते मोजून तारखेसह छायाचित्रे ठेवावीत आणि डांबरीकरणाच्या निविदेत जुना थर खरवडण्याची अट लेखी घालून घ्यावी. मोकळ्या जागेच्या मालकीची कागदपत्रे त्याच वेळी तपासावीत. कायदे जागोजागी वेगळे असल्याने त्यासाठी स्थानिक वकील गाठावा लागेल. समितीत चुन्याचे काम स्वतःच्या हाताने केलेला एक तरी गवंडी असावा आणि त्याच्या मताला अभियंत्याच्या मताइतकेच वजन असावे. पदवीपुढे त्याला गप्प बसवू नये.

सिमेंटशी माझे वैर नाही. नव्या बांधकामात ते योग्यच आहे. प्रत्येक जुना रस्ता जसाच्या तसा राखावा, असाही माझा आग्रह नाही, कारण रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत जायलाच हवी. मात्र रुंदीकरणासाठी जुन्या भिंतीवर खूण करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या मोटारी हटवून रस्त्याची खरी रुंदी मोजून घ्यावी.