पॉट नको म्हणून पाणी नको

प्रश्न: माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं, अजून सगळं गाव त्यांना ‘बाई’ म्हणतं. पावसात अंगणातल्या बुळबुळीत चिऱ्यावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रत्नागिरीत ऑपरेशन करून अर्धा सांधा बदललाय. आता जनरल वॉर्डात आहेत. पाणी घोटभर पितात, ताट परत पाठवतात, आयाबाईंना ‘कुणाच्यातली गो तू?’ विचारतात. दोनदा रात्री मला ओळखलंच नाही. गणपतीआधी घरी न्या, हा एकच हेका. यजमान मुंबईला, इथे मी एकटी. त्यांचा ताठा कसा उतरवू?
— एक सून

ताई, ताठा राहू दे. वॉकर धरून उभं राहायला तोच उपयोगी पडणार आहे. आधी रात्रीचं बोलू, कारण त्याला उशीर करून चालणार नाही. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम होतो, रात्री जास्त. त्याला म्हातारचळ समजून सोडू नका. शरीरात पाणी कमी पडणं, लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट, दाबून ठेवलेलं दुखणं, एखादं औषध, रक्तातलं सोडियम उतरणं, यातलं काहीही कारण असू शकतं. आजच्या राऊंडला डॉक्टरांना ‘कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं’ असं नेमकं सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर दिवसभर अंगावर हवं.

आता पाणी. बाईंचा हिशेब सरळ आहे: प्यायलं की लागणार, लागली की पॉट, आणि पॉट म्हणजे चारचौघींत उघडं पडणं. म्हणून पाण्याचा आग्रह सोडा, पॉट सुधारा. सिस्टरकडे चपट्या तोंडाचा पॉट मागा. नेहमीच्या उंच पॉटवर कंबर फार उचलावी लागते आणि खुब्यात कळ येते. स्टीलचा असेल तर कोमट पाण्याने धुऊन, पुसून द्यायचा. चांगला पाय गुडघ्यात दुमडून टाच गादीत रोवायची, त्या जोरावर कंबर उचलायची, पॉट चांगल्या बाजूने सरकवायचा. ऑपरेशनचा पाय आत वळू द्यायचा नाही. पाठीची बाजू थोडी उंच करून घ्या. आडवं पडून लघवी नीट होत नाही, राहिलेली तुंबते. पडदा नसेल तर फिरता स्क्रीन मागा. नाहीच मिळाला तर एक बाजू चादर धरून तुम्ही झाका, तोंड दुसरीकडे करून. फिजिओने उभं केलं की त्याच दिवशी कमोडची खुर्ची मागा, निम्मं भांडण तिथेच मिटेल.

एक गोष्ट मनाला लावून घेऊ नका. सुनेच्या हातून पॉट घेणं त्यांना सगळ्यात जड जात असेल. परकी आयाबाई त्यामानाने सोपी. तेवढं काम आयाबाईंवर सोपवा, तुम्ही वेणीफणी घ्या. अंबाडा घालू नका, उताणं झोपल्यावर तो टोचतो. सैल वेणी खांद्यावरून पुढे सोडा. नऊवारी सध्या जमणार नाही, पण गाऊनवर जुनं मऊ पातळ पदरासारखं पांघरू द्या. आणि वॉर्डात ‘ए आजी’ चालतं तिथे सिस्टरना एकदा सांगून बघा, ‘यांना बाई म्हणाल का?’

‘कुणाच्यातली’ या जात विचारणाऱ्या प्रश्नाला मात्र सवलत नाही. आयाबाई नसताना, एकदाच, स्पष्ट सांगा की हे चालणार नाही. वयाचा मान वेगळा, हे वेगळं.

ताट परत जातं तेव्हा आधी कवळी कुठे आहे ते बघा. ऑपरेशनआधी काढलेली कवळी बरेचदा पिशवीच्या तळाशी रुमालात राहते, किंवा कागदात गुंडाळलेली ताटाबरोबर कचऱ्यात जाते. झाकणाच्या डबीत, वर नाव लिहून ठेवा. डॉक्टरांनी पथ्य दिलं नसेल तर उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पातळ पिठी चालेल; पोटात पाणीही जातं. पण नुसत्या पेजेवर जखम भरत नाही, अंडं, डाळ किंवा मासा रोज हवा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला दीड लिटर, म्हणजे साधारण आठ कप, आणि त्यातले बहुतेक संध्याकाळी सहापर्यंत. कप किती झाले ते त्यांनाच वहीत लिहू द्या. शिक्षिका आहेत, खाडाखोड करणार नाहीत.

‘दुखतंय का?’ विचारलंत तर ‘छे’ म्हणतील. ‘कूस बदलताना जास्त की बसताना?’ असं विचारा. दुखण्याची गोळी फिजिओच्या अर्धा-पाऊण तास आधी मिळेल का ते सिस्टरना विचारा. अंथरुणात असेपर्यंत दर दोन तासांनी कूस बदलायची, पायांमध्ये उशी ठेवून. माकडहाड आणि टाचा रोज बघा. दाबल्यावरही लाली गेली नाही तर लगेच सांगा.

गणपतीला घरी नेता येईल की नाही ते सर्जन ठरवतील. पण नेलंत तरी पाटावर बसणं नाही, मांडी नाही, खाली वाकणं नाही आणि भारतीय संडास तर अजिबात नाही. अशा सांध्यात खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडला किंवा पाय आत वळला तर सांधा निसटू शकतो. किती आठवडे पाळायचं ते लिहून घ्या. मोदक वळायचेच असतील तर टेबलाशी, हातांच्या खुर्चीत. बैठक गुडघ्यामागच्या घडीपेक्षा दोन-तीन बोटं उंच हवी. उठताना वॉकर ओढायचा नाही, खुर्चीचे हात दाबून उठायचं. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. उंबरे ओलांडायचे कसे ते फिजिओकडून वॉर्डातच शिकून घ्या. अंगणातले चिरे आधीच खरवडून ठेवा.

डिस्चार्जच्या वेळी टाके कधी काढायचे आणि रक्त पातळ ठेवणारं औषध किती दिवस, हे कागदावर घ्या. घरी गेल्यावर एक पोटरी सुजली, छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट न बघता गाडी काढायची.