गजर वाजल्यावर नेमके काय करावे?

प्रश्न : मी घरी बसून भाषांतराची कामे करते. २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती, ही पद्धत महिनाभर पाळून पाहिली. पहिल्या आठवड्यात कामाला चांगली गती आली, पण आता दुपारपर्यंत डोके जड होते आणि ५ मिनिटांची विश्रांती २० मिनिटांवर कधी जाते ते कळतच नाही. चूक माझी की पद्धतीची?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टींचा उल्लेख नाही : विश्रांतीच्या वेळात तुम्ही काय करता आणि दिवसभरात मोठी विश्रांती घेता की नाही. माझ्या मते दुखणे तिथेच आहे.

ही पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, अभ्यासात मन लागेना म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ समोर ठेवले आणि निदान १० मिनिटे तरी खरोखर अभ्यास करून दाखवायचा, अशी स्वतःशीच पैज लावली. टोमॅटोला इटालियन भाषेत ‘पोमोदोरो’ म्हणतात, म्हणून पद्धतीचे नावही तेच पडले. पुढे सत्र २५ मिनिटांचे ठरले. परंतु त्याच नियमात, चार सत्रे झाली की १५ ते ३० मिनिटांची मोठी विश्रांती घ्यावी, असेही सांगितलेले आहे. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मग दुपारी डोके जड झाले की दोष घड्याळाला देतात.

आता छोट्या विश्रांतीविषयी. गजर वाजतो, हात आपोआप फोनकडे जातो, कुणाचा तरी निरोप आलेला असतो, त्याला अर्धे उत्तर लिहून होते तोच पाच मिनिटे संपतात. तुम्ही पुन्हा मजकुरापुढे बसता आणि तेच वाक्य तीनदा वाचता, कारण डोळे कागदावर असले तरी मन त्या अर्धवट उत्तरात अडकलेले असते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हेच दाखवून दिले, की एक काम अपुरे सोडून दुसऱ्याकडे वळले की लक्षाचा काही अंश मागेच रेंगाळतो आणि पुढच्या कामाची प्रत घसरते. थोडक्यात, फोन पाहणे ही विश्रांती नव्हे. ते तिसरेच काम झाले. त्याऐवजी जागेवरून उठावे, पाणी प्यावे, खिडकीशी उभे राहून दूरवर पाहावे. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा जो सल्ला दिला जातो, तोही यात जवळजवळ पाळला जातो. आणि गजर विश्रांतीलाही लावावा. कामाला घड्याळ आणि विश्रांतीला मोकळे रान, असे केले की ५ची २० होणारच.

आणखी एक सवय तुमच्या कामात विशेष उपयोगी पडेल. सत्राच्या शेवटच्या मिनिटात, आपण कुठे थांबलो आणि पुढे काय करायचे हे एका ओळीत लिहून ठेवावे : ‘तिसरा परिच्छेद, दुसरे वाक्य, क्रियापद अजून ठरायचे आहे.’ मनाला एकदा ही खात्री मिळाली की ते त्या क्रियापदाभोवती घुटमळत नाही, आणि परत बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही.

प्रश्न : कार्यालयात माझ्याकडे सतत कोणीतरी काहीतरी विचारायला येते. सत्र मध्येच मोडले, तर उरलेली मिनिटे नंतर भरून काढावीत का?

उत्तर : नाही. चिरिल्लो यांच्या नियमानुसार सत्राचे तुकडे होत नाहीत; मोडले की ते बाद, आणि पुढचे पहिल्या मिनिटापासून. हा नियम वरवर जाचक वाटतो, पण त्यामुळेच आपण सत्र सहजासहजी मोडू देत नाही. त्याच्या जोडीला शेजारी एक कोरा कागद ठेवावा. आपल्याच मनातून एखादी भलतीच आठवण उपटली तर त्यावर स्वल्पविरामासारखी छोटी खूण करावी, आणि बाहेरून व्यत्यय आला तर आडवी रेघ ओढावी. आठवडाभराने तो कागद पाहा. मी स्वतः हा प्रयोग केला, तेव्हा सहकाऱ्यांना नावे ठेवणाऱ्या माझ्या कागदावर रेघा थोड्या आणि स्वल्पविराम भाराभर निघाले!

येणाऱ्या माणसाला ‘आत्ता एका कामात आहे, पंधरा मिनिटांनी मीच येतो’, असे सांगावे, ते कागदावर टिपावे आणि खरोखरच जावे. तुम्ही दोन-तीनदा शब्द पाळलात की लोकही थांबू लागतात. काम खरेच तातडीचे असेल तर मात्र हळहळ न करता सत्र सोडून द्यावे. येणाऱ्यांच्या प्रश्नांना तत्काळ उत्तरे देणे हेच ज्यांचे मुख्य काम आहे, त्यांनी मात्र या पद्धतीच्या नादी लागू नये. दिवसातला एखादा शांत तास मिळत असेल, तर तेवढ्यापुरती ती वापरावी.

प्रश्न : मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. कामात तंद्री लागली की नेमका तेव्हाच गजर वाजतो. तरीही थांबावे का?

उत्तर : मूळ नियम ‘थांबावे’ असाच आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. थांबण्याच्या बाजूने एक दाखला आहे : मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, कोऱ्या तबकडीवरच्या काट्याची अधूनमधून होणारी दुहेरी उडी टिपण्याचे काम माणसांना दोन तास दिले होते, आणि पहिल्या अर्ध्या तासातच त्यांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. मात्र ते काम एकसुरी टेहळणीचे होते. गुंतागुंतीचा प्रोग्रॅम मनात उभा करणे ही निराळी गोष्ट आहे. त्यासाठी ५० मिनिटांचे सत्र आणि १० मिनिटांची विश्रांती ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त ही लांबी सत्र सुरू करण्यापूर्वी ठरवावी. गजर वाजल्यावर ‘अजून पाचच मिनिटे’ म्हणत गेलात, तर तंद्री कोणती आणि अडलेल्या चुकीशी चाललेली निव्वळ झटापट कोणती, हे तुमचे तुम्हालाही सांगता येणार नाही.