दहा महिन्यांचं बाळ हट्टी असतं का?

प्रश्न : माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. हातातला मोबाईल काढून घेतला की पाठीची कमान करते, किंचाळते, जमिनीवर डोकं आपटते. डायपर बदलतानाही हेच. सासूबाई म्हणतात, ‘आत्ताच दटाव, नाहीतर डोक्यावर बसेल.’ नवरा रडणं ऐकवत नाही म्हणून मोबाईल परत देऊन टाकतो. कोणाचं बरोबर?

उत्तर : दोघांचंही नाही. त्यातल्या त्यात नवऱ्याची सवय आधी थांबवा.

हट्ट करायला ‘मी रडले की ही नमेल’ असा हिशोब मनात लागतो. तुमच्या मुलीकडे तो अजून नाही. मग हे नवीन काय सुरू झालं? पाच-सहा महिन्यांची असताना वस्तू नजरेआड झाली की तिच्या लेखी संपलेली असायची. आठव्या महिन्याच्या आसपास मुलांना कळू लागतं की दिसत नसली तरी वस्तू कुठेतरी आहे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी हे आपल्याच मुलांचं निरीक्षण करून मांडलं. म्हणजे तुम्ही पाठीमागे लपवलेला मोबाईल आता तिच्या डोक्यात शिल्लक राहतो. हवाय हे पक्कं ठाऊक, मागायला शब्द नाहीत, बोट दाखवणं जेमतेम जमायला लागलेलं. उरतो तो आवाज आणि पाठ. स्वतःला आवरण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते, तेव्हा दटावून ती आज काही शिकणार नाही. घाबरेल मात्र.

पण मोबाईल परत देऊ नका. हिशोब नसला तरी ‘याच्यानंतर ते होतं’ ही साखळी या वयात छान जुळते आणि रोज दिलात तर महिन्याभरात जुळलेली दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांप्रमाणे एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये. (तिला तो का हवा असतो, हे उघड आहे. घरातले सगळे दिवसभर त्याच्याकडेच बघत असतात.)

हिसकावू मात्र नका. एकदा तिचे हात नीट बघा. या वयाची मुलं दोन हातांत दोन वस्तू धरतात, तिसरी पुढे केली की क्षणभर थबकतात आणि तिच्यासाठी बहुधा एक हात मोकळा करतात. मोबाईल असेल तर दुसऱ्या हातात डबीचं झाकण द्या, मग एखादा चमचा पुढे करा. बोटं सैल झाली की मोबाईल उचला आणि सरळ दुसऱ्या खोलीत ठेवून या. दर वेळी जमेल असं नाही, पण बऱ्याचदा जमतं.

डायपरचं कारण वेगळं. नुकतं रांगायला, धरून उभं राहायला लागलेल्या मुलाला उताणं पडून राहणं म्हणजे शिक्षाच. तिला पलंगाची कड धरून उभी करा आणि उभ्यानेच बदला. फार भरलं असेल तेव्हा आडवं करावंच लागेल, त्या वेळी हातात काहीतरी द्या.

रडणं पेटलंच तर खाली तिच्याशेजारी बसा, डोक्याखाली तळहात किंवा उशी सरकवा आणि घेऊ देत असेल तर उचला. उचलल्याने मूल लाडावत नाही. तुम्ही वस्तू नाकारलीत, जवळ घेणं नाकारू नका. समजावण्याची भाषणं नकोत, दोन शब्द पुरेत. निरोगी मुलंही डोकं आपटतात आणि तीन-चार वर्षांची होईपर्यंत बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. पण ती नजरेला नजर देत नसेल किंवा आधी येत असलेलं काही विसरत चालली असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आठवडाभर रडण्याच्या वेळा लिहून काढा. या वयाला दुपारच्या झोपा धरून दिवसाला 12 ते 16 तास झोप लागते. बराचसा ‘राग’ झोप टळल्याच्या वेळेला सापडतो.

आणि तुमचाच पारा चढला, तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाजूला व्हा. रागात बाळाला गदागदा हलवू नका, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, सासूबाईंनाही.

एक इशारा. बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, पाय पोटाशी घेत असेल, मधल्या वेळात मलूल पडत असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा शीमधून रक्त पडत असेल, तर तो राग नाही. आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लगेच रुग्णालय गाठा. कारण न सापडणाऱ्या रडण्यात हातापायांची बोटंही तपासा, कधी एखादा केस घट्ट गुंडाळलेला असतो.

प्रश्न : अकरा महिन्यांचा मुलगा रागाने रडता रडता श्वासच घेत नाही, ओठ निळे पडतात, अंग सैल पडतं. आम्ही तोंडावर पाणी मारतो. काय करावं?

उत्तर : पाणी नको, हलवणं नको, तोंडात बोटही नको. कुशीवर झोपवा आणि घड्याळ बघा. श्वास बहुतेक वेळा मिनिटाच्या आत आपोआप परत येतो. मूल हे मुद्दाम करत नाही. साधारण सहा ते अठरा महिन्यांत हे सुरू होतं आणि शाळेच्या वयापर्यंत जातं. तरीही डॉक्टरांना एकदा दाखवाच आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं आणि लोह दिल्यावर अनेकांचं कमी होतं. पुन्हा झालं तर दुसऱ्याला मोबाईलवर चित्रण करायला सांगा, डॉक्टरांना ते वर्णनापेक्षा उपयोगी पडतं. रडणं किंवा मार लागणं असं काही नसताना झालं, झटके आले किंवा मिनिटाच्या पुढे लांबलं, तर तडक आपत्कालीन विभागात न्या.